नीट बसायला शिकवणाऱ्या सुनंदा मॅडम

मॅडम गेल्याचं आमच्या घरात पहिल्यांदा कमलला, माझ्या बायकोला, कळलं. ती गिरणीवर दळण आणायला गेली होती. डबा तिथंच ठेवून मोकळ्या हातानं परत आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "अवं, सुनंदा मॅडम गेल्या." मी पेपर वाचत होतो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कुणी सांगितलं?" तिनं गिरणीवाल्याचं नाव घेतलं. मी म्हणालो, "त्याला कुणी सांगितलं?" कमल माझ्याकडं नुसती बघत राहिली... चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या असल्या प्रश्नांची सवय झालेली आहे, पण त्या दुपारी ती सरळ आत निघून गेली. मी फोन घेऊन बसलो. आधी औषधाच्या दुकानात लावला, मग मॅडमच्या घरमालकाला, आणि शेवटी मॅडमच्याच नंबरवर. तो त्यांच्या धाकट्या भावानं उचलला. संतोष तुळजापूरला शाळेत शिक्षक आहे. "काका, सकाळी गेली ताई," तो म्हणाला. "सोलापूरला. निमोनिया झाला होता. छाती आधीपासून कमजोर होती तिची." तीन ठिकाणांहून खात्री झाली तेव्हा कुठं मी फोन खाली ठेवला, आणि मग मला रडू आलं. माणूस गेल्याची बातमीसुद्धा मला साक्षांकित करून लागते.

याला आता सहा आठवडे होतील. भूममध्ये मॅडमवर बोलणारे खूप आहेत. कुणाचा खांदा सुटला, कुणाची कंबर सरळ झाली, कुणाची आई लकव्यानंतर परत चुलीपर्यंत चालत गेली. मला या सगळ्यांपेक्षा वेगळं काही सांगायचं आहे, आणि ते मॅडम असतानाच सांगायला हवं होतं.

मी भूमच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला एकतीस वर्षं काढली. जुने खासरे, फेरफार, निजामाच्या वेळच्या उर्दूतल्या नकला... जमिनीसाठी लोक काय काय कागद घेऊन येतात ते बाहेरच्याला खरं वाटणार नाही. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद मी नुसत्या वासावरून ओळखत असे. शाई एका काळातली आणि शिक्का दुसऱ्या काळातला, असली प्रकरणं तर किती धरली असतील. साहेब लोक बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब म्हणायचा, कागदाबद्दल शंका असेल तर भास्करला दाखवा. संशय घेणं हे माझं काम होतं आणि ते मी मन लावून केलं. पण कचेरीतून निवृत्त झालो तरी ते काम काही सुटलं नाही. भाजीवाली, नातेवाईक, घरी आलेला गॅसवाला, सगळ्यांकडं मी कागदाकडं बघावं तसाच उलटसुलट करून बघत राहिलो.

मान कधी पुढं आली ते मात्र कळलं नाही. एकतीस वर्षं मांडीवर नाहीतर बुटक्या टेबलावर रजिस्टर आणि त्यावर वाकलेला मी. निवृत्तीनंतर एकदा आम्ही तुळजापूरला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर कमल म्हणाली, "शिखराचं दर्शन घ्या की." मी मान वर करायला गेलो आणि ती अर्ध्यातच अडली. कमरेतून मागं वाकलो तेव्हा शिखर दिसलं, आणि भोवळ येऊन मी शेजारच्या माणसाच्या अंगावर गेलो. पुढं उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. शर्टाची गुंडी लावायला कमलला हाक मारावी लागे. गोळ्या झाल्या, गळ्यात पट्टा झाला, बार्शीच्या एका माणसाकडून मान मोडून घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

सुनंदा मॅडम भूमला आल्या त्याच सुमारास. बाजारतळाजवळ तळमजल्याची एक खोली त्यांनी फिजिओथेरपीसाठी घेतली. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि खाली जड बूट. आधी काठी टेकल्याचा आवाज येई, मग बूट फरशीवर पडल्याचा. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. गावात पहिल्याच आठवड्यात बोलणं सुरू झालं, आणि त्यात मी मागं नव्हतो. सोलापूरच्या चांगल्या दवाखान्यातली जागा सोडून भूमला कोण येतं? तिथं काहीतरी करून आली असणार, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. आणि दुसरं, जे सगळेच म्हणत होते: जिला स्वतःला नीट चालता येत नाही ती दुसऱ्याला चालायला काय शिकवणार?

कमल शेजारच्या बायकांबरोबर गुडघे दाखवायला गेली, मला न विचारता. महिन्याभरात ती जमिनीवरून उठताना "आई गं" म्हणायची बंद झाली. "मॅडम म्हणत्यात, गुडघ्यातनं न्हाय, खुब्यातनं वाकायचं," ती मला करून दाखवायची. आधी बसायची जागा मागं न्यायची, पाठ लांब ठेवायची, मग खाली. मला काही पटेना. नुसतं वाकायची पद्धत बदलून दुखणं जातं, हे कसं शक्य आहे? एक दिवस ती देवळात गेल्यावर मी तिची पिशवी उपसली, ट्रंक उघडली, डाळीच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. मला खात्री होती की बाई गुपचूप कसली तरी जालीम पूड देते आणि व्यायामाचं नाव करते. डब्यात डाळच होती.

शेवटी मीही गेलो, तो उपचारासाठी गेलो असं कमलला वाटलं. मी खरं तर तपासायला गेलो होतो. मॅडम एका उंच लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. खोलीत एक पलंग, भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात विटा आणि दोरीचे तुकडे. यंत्र एकच, तेही झाकून ठेवलेलं. त्यांनी मला पेपर दिला आणि म्हणाल्या, "काका, घरी वाचता तसं वाचत बसा." मी बसलो. त्यांनी बाजूनं फोटो काढला. मी लगेच म्हणालो, "फोटो कशाला? कुठं पाठवणार?" त्या हसल्या. "तुमचाच फोन आहे तो, काका. तुम्हीच माझ्या हातात दिला आत्ता." फोटोतला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. त्याचं डोकं धडाच्या वीतभर पुढं आलं होतं, कासव कवचातून काढतं तसं. "घागर डोक्यावर असली की बाई कोसभर चालते," मॅडम म्हणाल्या. "तीच घागर हात लांब करून धरायला सांगा तिला. तुमची मान एकतीस वर्षं हात लांब करून घागर धरून बसली आहे."

मला ते पटलं, म्हणून मी जास्तच सावध झालो.

पाय दुखायला लागला म्हणून त्या स्टुलावरून उतरल्या तेव्हा मी विचारून टाकलं, "तुमचं तुम्हाला जमेना, मॅडम, आणि आम्हाला शिकवताय?" असं कुणी तोंडावर बोललं नसावं. पण त्यांनी राग धरला नाही. "तुमचं पाऊल आपोआप पडतं, काका. माझं एकही आपोआप पडलेलं न्हाय. प्रत्येक पाऊल मला ठरवून टाकावं लागतं. म्हणून दुसऱ्याचं कुठं चुकतंय ते दिसतं मला." मग त्यांनी मला दोनच गोष्टी दिल्या. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागं न्यायची आणि पाच मोजून सोडायची. आणि दुसरी, एक वही घालायची. दिवसभरात कुठं, किती वेळ, कसा बसलो ते तासातासानं लिहायचं.

ही वही मला सगळ्यात संशयास्पद वाटली. माझ्या दिवसाचा हिशेब या बाईला कशाला हवा? मी पंधरा दिवस खोटी वही लिहिली. सकाळी फिरलो, दुपारी अर्ध्या तासानं उठलो, संध्याकाळी व्यायाम. त्यांनी ती पानं शांतपणे वाचली, माझ्या मानेच्या मागं बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "वहीतला माणूस बरा झालाय. तुम्हाला मात्र अजून वेळ लागंल." आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्या आमच्या घरी आल्या. मला वाटलं, पाळत ठेवायला आल्या. तशा त्या पाळत ठेवायलाच आल्या होत्या म्हणा... मी कुठं पेपर वाचतो, टीव्ही कुठल्या कोपऱ्यात आहे, उशा किती घेतो, सगळं बघितलं. माळ्यावर माझ्या वडिलांचं उतरत्या फळीचं जुनं मेज होतं, ते खाली काढायला लावलं. भिंतीला पाठ टेकवून, कमरेमागं घडी केलेला टॉवेल ठेवून, ते मेज पुढं घेऊन मला बसवलं. "आता पेपर तुमच्याकडं येऊ द्या, तुम्ही पेपरकडं जाऊ नका." अंथरुणातून उठतानाही सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं, हातावर जोर द्यायचा, मग उठायचं. दर अर्ध्या तासानं जागा सोडायचीच. "चांगलं बसणं म्हणजे ताठ बसणं न्हाय, काका," त्या म्हणायच्या. "चांगलं बसणं म्हणजे फार वेळ न बसणं."

दोन महिन्यांत बोटांच्या मुंग्या कमी झाल्या. शर्टाची गुंडी माझी मी लावायला लागलो. कुणीही दुसरा असता तर तिथंच त्यानं हात जोडले असते. मी मात्र, हे इतक्या सोप्यानं कसं झालं, याच्या मागं लागलो.

त्यांच्याबरोबर मी एकदा माझ्या चुलतभावाच्या खव्याच्या भट्टीवरही गेलो होतो. आमच्या भूमचा खवा लांब लांब जातो, पण तो करणारे लोक दिवसभर कढईवर वाकून उलथणं फिरवत असतात आणि चाळिशीत त्यांच्या कमरा जातात. मॅडम तासभर काठीवर भार देऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. शेवटी दगडू नावाचा कामगार वैतागून म्हणाला, "बाई, लई येळ झाला, काय बघायलाव एवढं?" त्यांनी त्याच्या उलथण्याचा दांडा हातभर वाढवून घ्यायला सांगितला आणि एका पायाखाली वीट ठेवली. थोड्या वेळानं वीट दुसऱ्या पायाखाली. एवढंच. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिला पाठवलं कुणी? कामगारांचं काही काढायला तर आली न्हाय ना?" मी त्याला सांगायला हवं होतं की असं काही नाही. मी म्हणालो, "बघतो मी."

आणि मी बघितलं. त्यांच्या खोलीत भिंतीवर दोन फ्रेमा होत्या. मी इतके दिवस त्या लांबून पाहिल्या होत्या. त्या दिवशी त्या हात धुवायला मागं गेल्या आणि मी चष्मा लावून जवळ गेलो. पहिल्या फ्रेममध्ये पदवीचा कागद, सुनंदा, वडिलांचं नाव, आडनाव. बाहेरच्या पाटीवरही तेच. दुसऱ्या फ्रेममध्ये व्यवसायाच्या नोंदणीचा कागद होता. त्यावर नाव होतं स्वाती. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. माझ्या अंगातून एक झिणझिणी गेली. ही झिणझिणी माझ्या ओळखीची होती. एकतीस वर्षं खोटा कागद सापडला की हीच यायची. बाईनं दुसऱ्याच बाईचा नोंदणीचा कागद भिंतीवर लावलाय! मॅडम टॉवेलला हात पुसत आल्या. मी विचारू शकलो असतो. "मॅडम, ह्या स्वाती कोण?" एवढंच विचारायचं होतं. पण खोटा कागद घेऊन आलेल्याला आपण सावध करत नसतो, हे कचेरीतलं शिकणं माझ्या हाडात होतं. मी म्हणालो, "उद्या येतो."

घरी जाऊन मी अर्ज लिहिला. निनावी. वडिलांच्या त्याच मेजावर, कमरेमागं टॉवेल ठेवून. अक्षर बदलून, तिरकं लिहिलं. 'सदर महिला परक्या व्यक्तीच्या नोंदणीवर रुग्णांच्या जिवाशी खेळत असून' वगैरे, आणि खाली 'एक जागरूक नागरिक'. कुठं पाठवला त्याचं नाव लिहीत नाही; त्यांनी त्यांचं काम केलं. मॅडमना धाराशिवला बोलावणं आलं आणि चौकशी होईपर्यंत खोली बंद ठेवायला सांगितलं गेलं.

खोली तीन आठवडे बंद होती. गावात बोलणं पेटलं. मी पारावर बसून ऐकत होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझी नजर अजून शाबूत आहे, असं वाटत होतं. चौथ्या आठवड्यात खोली उघडली. मी मुद्दाम पहिल्याच दिवशी गेलो. भिंतीवर आता तिसरी फ्रेम होती. नाव बदलल्याचं राजपत्रातलं पान, सोबत शपथपत्र. बाविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी नाव बदलून स्वाती केलं होतं; नोंदणी त्याच वेळी झाली म्हणून त्या नावानं झाली. लग्न मोडल्यावर त्यांनी आपलं नाव परत घेतलं, पण तो एक कागद तसाच राहून गेला. तिन्ही कागद खरे होते. बाकीचं मला कमलनं सांगितलं, कारण एव्हाना ते साऱ्या गावाला कळलं होतं. "दीड वर्षात माघारी धाडलं म्हणं तिला. पायाचं ठाव हुतं की त्यास्नी लग्नाआधी. इतकी वर्सं बिचारीनं कुणाला सांगितलं न्हवतं, आता भिंतीला टांगावं लागलं." मग ती भाकरी थापायची थांबली. "तुमी तर न्हाय ना केला तो अर्ज?"

मी म्हणालो, "नाही."

त्या तीन आठवड्यांत आणखी एक झालं. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, लकव्यानंतर मॅडम तिला खाटेवरून उठायला शिकवत होत्या. खोली बंद झाल्यावर तिला कुणीकडं नेलं नाही. तिचा खांदा आखडला तो आखडलाच. पुढं ती चालायला लागली, पण तो हात डोक्यापर्यंत कधी गेला नाही. केस सुनेला विंचरावे लागतात. मॅडमनी हे मला सहज बोलता बोलता सांगितलं. सहज सांगितलं का मुद्दाम, हे मी तेव्हापासून ठरवतो आहे.

कारण त्यानंतर माझा संशय फिरला आणि माझ्याच मागं लागला. मॅडमना कळलं असेल का? चौकशीत त्यांना अर्ज दाखवला असेल का? माझी वही तर दर आठवड्याला त्यांच्या हातात होती, आणि आता मी ती खरी लिहीत होतो. एकदा वही चाळता चाळता त्या म्हणाल्या, "काका, तुमचा ळ लई देखणा आहे. कुणी शिकवला?" अर्जात मी अक्षर बदललं होतं, पण ळ बदलला होता का? जिवाशी खेळत... वेळोवेळी... मी घरी येऊन कागदावर तेच शब्द तिरके लिहून पाहिले. ळ तसाच येत होता. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. त्यांनी नेहमीसारखी माझ्या मानेवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आज खांदे वर का ओढलेत, काका? कुणाची भीती वाटती का?" याचाही मी कितीतरी दिवस अर्थ लावत बसलो.

मी जाणं सोडलं नाही, सोडलं असतं तर उघडं पडलो असतो. चार-पाच वर्षं तसाच जात राहिलो, आणि कधी तरी, नक्की कधी ते सांगता येणार नाही, जाणं हे खरंच जाणं झालं. बाजारच्या दिवशी खेड्यांवरून बायका यायच्या, त्यांना रांगेत बसवायचं, नावं लिहून घ्यायची, हे मी करायला लागलो. खुरपताना कंबर कशी वाकवायची नाही, एक गुडघा टेकून कसं बसायचं, हे मॅडम त्यांना समजावत असताना मी मागं उभा राहून ऐके. भूमला का आलात, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सोलापूरला होते तेव्हा इकडचे पेशंट यायचे. एसटीत तीन-तीन तास वाकडं बसून. दोनदा येत, तिसऱ्यांदा येत नसत. मला वाटायचं, ह्यांचं पुढं काय झालं असंल?" इतकं साधं कारण होतं. मी किती तरी भलतीच कारणं लावून ठेवली होती.

शेवटची भेट झाली ती त्या जायच्या दहा-बारा दिवस आधी. मी आत गेलो तेव्हा त्या स्टुलावर नव्हत्या. पलंगाच्या कडेला, कोपरं मांड्यांवर टेकवून पुढं वाकून बसल्या होत्या. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही वाकून बसलाय," मी म्हणालो. त्या हसल्या, पण हसू अर्ध्यात तुटलं. "असं बसलं की श्वासाला बरं पडतं." मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. म्हणाल्या, "साधा खोकला आहे, काका. बाजारचा दिवस होऊ द्या. लांबून येणाऱ्या बायकांना सांगून ठेवलंय." मला शंका आली होती. छातीत काहीतरी नीट नाही, ही शंका अगदी स्पष्ट आली होती. जन्मभर नको तिथं संशय घेतला, नको तिथं ताणून धरला... आणि त्या दिवशी मी "बरं" म्हणून उठलो.

त्या गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी कमलला अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? संतोषला सांगा."

संतोष पुढच्या आठवड्यात खोली आवरायला आला. मला फोन करून त्यानं बोलावून घेतलं होतं. बार्शीची एक मुलगी, मॅडमच्याच हाताखाली शिकलेली, आठवड्यातून दोनदा येऊन खोली चालवणार होती. तिला पेशंटच्या फायली नीट लावून हव्या होत्या. "तुम्ही रेकॉर्डची माणसं, काका. तुमच्याइतकं कुणाला जमणार?" तो म्हणाला. मी फायलींना हात लावायच्या आधी सांगून टाकलं. उभ्या उभ्याच सांगितलं. तो तिसऱ्या फ्रेमखाली उभा होता.

मग तो म्हणाला, "ताई तीन आठवडे आमच्याकडं तुळजापूरला होती. धड जेवत नव्हती. माझ्या मुलींनी विचारलं, आत्या, स्वाती कोण? वीस वर्षं जे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते..." तो थांबला. "आणि तुम्ही हे मला आता का सांगताय? ती असताना का नाही? आता तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून?"

मी म्हणालो, "व्हय."

"तिला माहीत होतं?"

"ते मला माहीत नाही. तेच मला माहीत नाही."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता जा म्हणेल, आणि मी जायच्या तयारीत होतो. बऱ्याच वेळानं तो दारात आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "फायली तरी नीट लावा."

मी तीन दिवस फायली लावत होतो. भूम, वालवड, ईट, गावांप्रमाणं आणि मग नावांप्रमाणं. माझीही फाईल हाती आली. मी ती संशयानंच उघडली. प्रत्येक ओळ, समासातली प्रत्येक खूण बघितली. मानेचे कोन, बोटांची ताकद, वहीबद्दल एक वाक्य: 'आता खरी लिहितात.' अर्जाबद्दल काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात खाली एक जाड फाईल निघाली, वर नाव नसलेली. आत मॅडमचंच अक्षर. ती त्यांची स्वतःची फाईल होती. पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदी. किती पावलं, कुठं तोल गेला, कुठल्या बाजूला पडले, पडताना हात कसा टेकला, बूट बदलल्यावर कंबर कशी राहिली. दुसऱ्याच्या शरीराबद्दल लिहावं तसं, कुठंही हळहळ न करता. मी चौकशीच्या दिवसाचं पान शोधलं. का शोधलं ते सांगायला नको. नोंद होती. 'धाराशिव. पंचावन्न मिनिटं उभी. उजव्या खुब्यावर भार. मधे काठीचा हात दोनदा बदलला. परतीच्या एसटीत कळ पाठीपर्यंत. उद्या पूर्ण विश्रांती.' खाली काही नाही. अर्ज नाही, अर्ज कुणी केला ते नाही, स्वाती हे नावसुद्धा नाही. मी मागची-पुढची पानं उजेडात धरून पाहिली. माझं नाव कुठंच नव्हतं.

ही फाईल मी कपाटात लावली नाही. संध्याकाळी संतोष आला तेव्हा त्या दिवसाचं पान उघडून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते वाचलं, परत वाचलं, आणि बोट ओळीवर ठेवून म्हणाला, "पंचावन्न मिनिटं? हिला बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती का?"

मला ते माहीत नव्हतं. मी त्या दिवशी घरी होतो, भिंतीला पाठ टेकवून, कमरेमागं टॉवेल ठेवून, पेपर मेजावर घेऊन, त्यांनी शिकवलं होतं अगदी तसा बसलेला.